जप्त मोबाईल चाळू नका!

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. मृतदेह सापडलाच नाही. तरीही पनवेलच्या सत्र न्यायालयाने २०२५ मध्ये पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर यांना खुनाबद्दल जन्मठेप दिली. त्यात मोबाईल-संगणकातल्या नोंदी मोलाच्या ठरल्या.

म्हणून नव्या तपास अधिकाऱ्यांना पहिल्या तासाला मी हात आवरायला शिकवतो. कुतूहल पोलिसालाही असतेच! पण फोन चाळला की आतल्या नोंदी बदलतात. आधी नेटवर्क तोडा, मग तंतोतंत प्रत घ्या आणि तिचा ‘हॅश’ काढा. हॅश म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदलले तरी वेगळाच येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तो नोंदवावा लागतो. नसेल, तर बचाव पक्षाचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतील.