एसएमपीएस घेताना वॅटचा कोणता आकडा बघायचा?

घरी डेस्कटॉप जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर भरपूर खल होतो आणि संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र उरलेल्या पैशांत उरकला जातो. खोक्यावर वॅट जास्त छापलेत म्हणजे माल दणकट, ही त्यामागची समजूत. ती किती खरी, हे एसएमपीएसच्या अंगावरचं लेबलच सांगतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. तेव्हा लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहावं आणि १२ने गुणावं. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट झाले, खोक्यावर भले ४५० छापलेले असोत. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेले असतात, आणि आजच्या संगणकाला तिथे फारशी वीज लागत नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच जागी ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो.

‘आमचा स्वस्तातला वर्षानुवर्षं चालतोय की!’ असं यावर हमखास ऐकू येतं. चालत असेलही. पण ग्राफिक्स कार्ड नसलेला, टायपिंग आणि इंटरनेटपुरता संगणक बहुतेक वेळ १०० वॅटच्याही आत असतो. त्या एसएमपीएसची परीक्षाच झालेली नसते. कार्ड बसवल्यावर ती होते, आणि संरक्षक सर्किट नसलेला एसएमपीएस जळताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही सोबत नेऊ शकतो.

मग ‘गोल्ड’ लिहिलेला घेतला की झालं, असंही नाही. ८० प्लस या प्रमाणपत्राची ही श्रेणी मुख्यतः कार्यक्षमता मोजते. शॉर्टसर्किटपासूनचं संरक्षण किंवा व्होल्टेजची स्थिरता ती तपासत नाही. बिलातली बचतही बेताची. संगणकाला ३०० वॅट हवे असतील, तर ८५ टक्के कार्यक्षमतेला भिंतीतून ३५३ वॅट लागतात, ९० टक्क्यांना ३३३. रोज ४ तास वापरलं तर वर्षाला फरक साधारण २९ युनिटचा. आणि ७५० वॅटचा एसएमपीएस म्हणजे सतत ७५० वॅट जळणार, ही भीती तर निराधारच; आतले भाग मागतील तेवढीच वीज आणि रूपांतरातली थोडी घट, एवढाच खर्च.

आता नेमके किती वॅट? रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५. बाकीच्याला ५० धरले तरी बेरीज २५३. तरीही एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते. हा आकडा फुगवलेला वाटेल, पण ग्राहकाचा एसएमपीएस कसा आहे हे कंपनीला ठाऊक नसतं, आणि कार्डाची मागणी क्षणार्धात उसळी घेते. २०२२ सालच्या एटीएक्स ३.० मानकाने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार सोसण्याची अट घातली ती या उसळीसाठीच. या जोडणीला खात्रीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो. पुढेमागे ३०० वॅटचं कार्ड घ्यायचं नक्की असेल, तरच ८५०चा विचार करावा.

वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर गेलं की संगणक रीस्टार्ट होतो, तेव्हाही दोष वॅटलाच दिला जातो. पूर्ण भारावर चांगला एसएमपीएससुद्धा विजेविना सुमारे १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर असेल तर त्याला बॅटरीवर जायला याहून जास्त वेळ लागू शकतो. नवा एसएमपीएस आणण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का, ते बघावं.