हमीदचे तीन पैसे

शालेय वाचनातील कथेवर ‘नायकाचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न आला की उत्तर बहुधा एका गुणवाचक शब्दात आटोपते. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ (१९३३) या हिंदी कथेतील चार-पाच वर्षांचा हमीद जत्रेत खेळणे न घेता आजीसाठी चिमटा आणतो. म्हणून तो ‘त्यागी’. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते संघर्षाचा केवळ निकाल सांगते.

संघर्ष पाहायचा तर हिशेबापासून आरंभ करावा. महमूदजवळ बारा पैसे, मोहसिनजवळ पंधरा, हमीदजवळ तीन. मातीचे खेळणे दोन पैशांचे. म्हणजे हमीदला एक खेळणे खचित घेता आले असते. तो खेळण्यांना नावे ठेवतो, पडताच फुटतील म्हणतो. पण ती हाती घेण्याचा मोह त्याला आवरत नाही. मोहसिन रेवडी पुढे करतो आणि स्वतःच्याच तोंडात टाकतो. चिमटा दिसताच तव्यावर भाजणारी आजीची बोटे हमीदला आठवतात. त्याबरोबरच तिचे आशीर्वाद आठवतात आणि सोबत्यांवरचा रुसवाही. माया, अभिमान, लालसा व राग यांच्या ओढाताणीतून ही खरेदी घडते. त्यातील लालसा वजा केली, तर त्यागाला किंमत ती काय उरली?

पुढे चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा धरून हमीद वादात सर्वांना नमवतो. जिंकण्याची हौस त्यालाही आहेच. घरी अमीना प्रथम रागावते. तो अपराध्यासारखा कारण सांगतो. तिला रडू कोसळते. त्या अश्रूंचे रहस्य हमीदला उमगत नाही, हे लेखक मुद्दाम नमूद करतो. आपल्या कृतीचे मोल ज्याला स्वतःला कळलेले नाही, त्याच्यावर आपण मात्र ‘त्यागी’ अशी चिठ्ठी डकवून मोकळे होतो.

यात केवळ वाङ्मयीन चूक नाही. वर्गात तीन पैसेवाली मुलेही बसलेली असतात. इच्छा नसणे हाच गरीब मुलाचा सद्गुण, असा बोध त्यांनी घ्यावा काय? म्हणून ‘हमीद कसा होता?’ याऐवजी ‘चिमटा घेण्यापूर्वी त्याला आणखी काय काय हवे होते?’ असे शिक्षकाने विचारावे. त्या उत्तरासाठी विद्यार्थ्याला कथेकडे पुन्हा वळावेच लागेल.