प्रवासात पाणी कमी प्यायल्याने प्रश्न सुटतो का? मूत्राशय कसं काम करतं आणि कुठे बिघडतं?

गणपती तोंडावर आले की मुंबईहून तळ्याला निघणाऱ्या घरांत एक सूचना हमखास ऐकू येते. "आता पाणी पिऊ नकोस, वाटेत गाडी थांबायची नाही." ही सूचना बहुतेक वेळा बायकांना आणि मुलींनाच असते.

रायगड जिल्ह्यातल्या तळ्याला जायचं तर मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड करत इंदापूर गाठायचं आणि तिथून आत वळायचं. यातल्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. सणाच्या गर्दीत गाडी कुठे आणि किती वेळ अडकेल, हे कुणीच सांगू शकत नाही. पुरुष रस्त्याच्या कडेला उतरून मोकळे होतात. बाईपुढे दोनच मार्ग उरतात. एक तर तहान मारायची, नाहीतर लघवी दाबून धरायची.

या दोन्हींचा शरीरावर काय परिणाम होतो? ते समजायला आधी मूत्राशयाचं काम समजून घेऊ.

मूत्राशय म्हणजे नुसती पिशवी नाही

आपल्या दोन किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत शोषून घेतं. उरतो तो दीड-दोन लिटर, म्हणजेच लघवी. ती दोन बारीक नळ्यांमधून थोडी थोडी करत ओटीपोटातल्या मूत्राशयात उतरते.

मूत्राशयाची भिंत स्नायूंची असते. लघवी साठत जाते तशी ही भिंत सैल होऊन ताणली जाते, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. खालच्या तोंडाशी दोन झडपांसारखे स्नायू असतात. आतल्या झडपेवर आपला ताबा नसतो. बाहेरची झडप मात्र आपण ठरवून आवळू शकतो. लघवी 'धरून ठेवणं' म्हणजे ही बाहेरची झडप आवळून धरणं.

'लागली' हे कळतं कसं?

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पण १५० ते २०० मिलिलिटर झाली की पहिली जाणीव होते. ताणलेल्या भिंतीतून निघालेला निरोप कण्यातल्या मज्जारज्जूमार्गे मेंदूपर्यंत जातो. आता जायचं की थांबायचं, हे मेंदू ठरवतो. जागा सोयीची नसेल तर तो 'थांब' म्हणतो आणि जाणीव काही वेळ मागे पडते. सोय झाली की आधी झडप सैल होते, मग भिंतीचा स्नायू आवळतो आणि मूत्राशय रिकामं होतं.

तान्ह्या बाळाचं हे नियंत्रण तयार झालेलं नसतं, म्हणून मूत्राशय भरलं की ते आपोआप रिकामं होतं. थांबणं आपण लहानपणी शिकतो. म्हणजे मूत्राशयाला सवय लावता येते, तशी चुकीची सवयही लागू शकते.

दाबून ठेवली तर काय होतं?

एखाद्या वेळी दोन तास जास्त धरून ठेवल्याने निरोगी माणसाचं मूत्राशय बिघडत नाही, फुटत तर नाहीच. प्रश्न येतो तो रोजच्या सवयीने. शाळा, बाजार, शेत, कार्यालय, एसटी, कुठेच सोय नाही म्हणून वर्षानुवर्षं धरून ठेवावं लागतं तेव्हा.

लघवीचा प्रवाह मूत्रमार्गात शिरलेले जंतू बाहेर धुऊन काढतो. ती तासन् तास आतच राहिली तर जंतूंना वाढायला वेळ मिळतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषांचा त्याच्या चार-पाच पट. त्यामुळे स्त्रियांमध्ये जंतू लवकर मूत्राशयापर्यंत पोहोचतात. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. शिवाय भिंत सतत जास्त ताणली गेली तर ती पूर्ण जोराने आवळत नाही आणि थोडी लघवी आत उरू लागते.

मग पाणीच कमी प्यायलं तर?

हा उपाय वाटतो, पण तो उलटतो. पाणी कमी पडलं की लघवी दाट आणि गडद होते, जंतू धुऊन निघत नाहीत, मुतखड्याची शक्यताही वाढते.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाने रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं. वर्षभरात त्या गटात संसर्गाचं सरासरी प्रमाण १.७ वेळा राहिलं, तर दुसऱ्या गटात ३.२ वेळा.

आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धण्याचं पाणी किंवा नारळपाणी देतात. पाणी कमी पडल्यामुळे जळजळ होत असेल तर त्याने आराम पडतो. पण जंतुसंसर्ग असेल तर लघवीची तपासणी आणि डॉक्टरांचं औषध लागतं.

आणखी कशाने बिघडतं?

शिंकताना, हसताना लघवी निसटणं: बाळंतपणानंतर किंवा वाढत्या वयात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. तेच स्नायू रोज आवळून सोडण्याचा व्यायाम केला तर अनेकींना फरक पडतो.

अचानक जोराची घाई होणं: मूत्राशय पुरेसं भरण्याआधीच त्याचा स्नायू आवळू लागतो. घरातही 'लागली नाही, तरी जाऊन येते' असं दर तासाला केल्याने मूत्राशयाला कमी साठवण्याची सवय लागू शकते.

धार बारीक होणं, रात्री सारखं उठणं: पन्नाशीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि मूत्रमार्गावर दाब आणते.

भरल्याचं न कळणं: दीर्घकाळ ताब्यात नसलेला मधुमेह, पक्षाघात किंवा मणक्याची इजा यांमुळे मूत्राशय आणि मेंदू यांच्यातला निरोपच अडतो.

काय करता येईल?

दिवसा दर तीन-चार तासांनी लघवीला जाणं बरं. प्रवासात पाणी बंद करू नका, एकदम तांब्याभर पिण्याऐवजी घोटघोट प्या. निघण्याआधीचा चहा-कॉफी कमी करा, त्याने घाई वाढू शकते. लांबच्या प्रवासात गाडी स्थानकावर थांबली की लागली नसली तरी जाऊन या. रोज ही सवय नको, पण पुढचा थांबा कधी येईल ते माहीत नसताना हेच शहाणपणाचं.

लघवीत रक्त दिसणं, थंडी वाजून ताप येणं, पाठीत-कुशीत दुखणं किंवा लघवी पूर्ण तुंबणं यांपैकी काही झालं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. गरोदर स्त्रियांनी साधी जळजळही अंगावर काढू नये.

पण जायचं कुठे?

वरचे सगळे सल्ले एकाच गोष्टीवर अडतात, ती म्हणजे स्वच्छतागृह. मुंबईत 'कोरो' आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनी २०११ मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा भेद त्यांनी चव्हाट्यावर आणला. स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या हव्यात, ही त्यांची मागणी होती. या मोहिमेतल्या मुमताज शेख यांचं नाव २०१५ मध्ये बीबीसीच्या १०० स्त्रियांच्या यादीत आलं.

त्याच वर्षी, पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगत न्यायालयाने महापालिकांना ती बांधण्याचे आदेश दिले.

हे आदेश महापालिकांसाठी होते. तळ्याच्या वाटेवर पनवेल मागे पडलं की पुढे इंदापूरपर्यंत एकही महापालिका नाही. त्यामुळे पुढच्या वेळी घरातली बाई प्रवासाआधी पाण्याचा तांब्या बाजूला सारताना दिसली, तर तिला पाणी प्यायला सांगा आणि वाटेत गाडी कुठे थांबवायची, तेही निघण्याआधीच ठरवा.