अलिबागेस एक दिवस : पंचांग, घोडा आणि ओहोटी

तापीच्या आसमंतात वाढलेल्या आम्हां खानदेशी लोकांस पाणी म्हणजे एकाच दिशेने वाहणारे, एवढेच ठाऊक. दिवसातून दोनदा चढणारे आणि दोनदा ओसरणारे पाणी जळगाव-धुळ्याच्या मुलांनी बहुधा भूगोलाच्या पुस्तकातच वाचलेले असते. म्हणून लग्नकार्यानिमित्त मुंबईस जाणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस अधिक काढून अलिबागेस अवश्य जावे. तेथे ओहोटीच्या वेळी घोडागाडीत बसून समुद्राच्या तळावरून कुलाबा किल्ल्यात जाता येते.

गेटवेपासून मांडव्यास लाँचने सुमारे एक तास लागतो. तेथून पुढे अलिबागपर्यंत मोटाररस्ता आहे. पावसाळ्यात या लाँची बंद असतात.

मात्र जाण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवावा. कोकणातील जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि तिच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. वद्यपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजावा. षष्ठीस साडेचारला भरती, म्हणून सकाळी साडेदहाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते. पाणी फार दूर हटते खरे, पण ते पहाटे व सायंकाळी. अष्टमी-नवमीची ओहोटी भर दुपारी येते, परंतु ती भांगाची; पाणी पुरते मागे जात नाही. मुलेमाणसे नेणारांस पंचमी-षष्ठी सोयीची. अर्थात हा अजमास होय. नक्की वेळ भरतीच्या छापील कोष्टकात पाहून घ्यावी.

गेल्या माघ वद्य षष्ठीस आम्ही घरची नऊ माणसे तेथे गेलो व तीन गाड्या केल्या. गाडी ओल्या वाळूवर उतरताच आमच्या वहिनींनी रामरक्षा सुरू केली. मुले मात्र चाकांखाली पळणारे खेकडे मोजू लागली. या किल्ल्याच्या बांधणीस शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६८० मध्ये आरंभ झाला. पुढे तो कान्होजी आंग्र्यांचे मुख्य ठाणे बनला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारीही तेथे फसली. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधविलेले गणपतीचे मंदिर आहे, आणि चहूंकडे खारे पाणी असता एक गोड्या पाण्याची विहीरही आहे.

वहिनींचे अथर्वशीर्ष चालू असता गाडीवान दाराशी येऊन म्हणाला, "आजी, देव इथंच राहील, पाणी थांबणार नाही." आम्ही तत्काळ सर्वांस उठविले. परतताना घोड्यांच्या खुरांस पाणी लागू लागले होते. किनाऱ्यावर उतरून अर्ध्या तासाने मागे पाहिले, तो आमची चाकोरी दिसेनाशी झाली होती. समुद्राचे वेळापत्रक कोणाच्याही आर्जवाने बदलत नाही, हा धडा मुलांस तेथे न शिकविताच मिळाला.

आता त्या मुक्या प्राण्याविषयी. 'सैंधव आण' असे जेवताना म्हटले तर मीठ आणावे आणि निघताना म्हटले तर घोडा, हा शास्त्रकारांचा जुना दाखला होय. अलिबागेस दोन्ही सैंधव एकत्र भेटतात, आणि त्यांपैकी एकाचा त्रास दुसऱ्यास होतो. खाऱ्या वाळूतून ओढलेले ओझे सडकेवरच्या ओझ्याहून जड असते, म्हणून एका गाडीत दाटीवाटीने बसू नये. १९६५ च्या सरकारी नियमांप्रमाणे ओझ्याच्या जनावरास दिवसात नऊ तासांहून अधिक व सलग पाच तासांहून अधिक राबविता येत नाही. पारा ३७ अंशांवर गेला असता दुपारी बारा ते तीन जुंपताही येत नाही. लंगडणारा किंवा पाठीवर जखम असलेला घोडा दिसल्यास दुसरी गाडी करावी. आणि गाडीवान घोड्याचे पाय गोड्या पाण्याने धूत असेल, तर दोन रुपये अधिक देऊन त्याचे कौतुक करावे. घोडा सुखरूप तर बसणारा सुखरूप, हे मुलांस लहानपणीच उमगलेले बरे.