टेक्सासमधील गृहतापन संकट (फेब्रुवारी २०२१)

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास राज्यात तीव्र हिमवादळ आले. त्यात वीजपुरवठा कोलमडून लक्षावधी घरांतील तापनव्यवस्था ऐन कडाक्याच्या थंडीत बंद पडली. राज्याच्या आरोग्य विभागाच्या नोंदीनुसार या आपत्तीत २४६ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांतील बहुसंख्य मृत्यू थंडीमुळे झाले, आणि अनेकांना तर राहत्या घरातच मृत्यू आला.

पार्श्वभूमी

टेक्सास हे उष्ण हवामानाचे राज्य म्हणून ओळखले जाते. तेथील घरांची रचना मुख्यतः उन्हाळ्याचा विचार करून केलेली असते. पाण्याचे नळ पुष्कळदा माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतींमधून नेलेले असतात व त्यांना उष्णतारोधक आवरण क्वचितच असते. १६ फेब्रुवारी रोजी डॅलस येथे तापमान सुमारे उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत, तर समुद्राजवळच्या ह्यूस्टनमध्ये सुमारे उणे ११ अंशांपर्यंत उतरले. या दोन्ही शहरांत व ऑस्टिनमध्ये मराठी भाषक कुटुंबांची वस्ती मोठी आहे.

राज्यातील अर्ध्याहून अधिक घरे विजेवर ऊब मिळवतात. त्यांतील अनेक घरांत हीट पंप असतो. हे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून घरात आणते. परंतु हवा फार थंड झाली की ते अपुरे पडते आणि मदतीला विजेची तारकुंडले तापू लागतात. त्यामुळे थंडी जितकी वाढे, तितकी विजेची मागणीही झपाट्याने वाढत गेली. उरलेल्या घरांपैकी बहुतेकांत नैसर्गिक वायूवरील भट्टी असते. वीज गेली तरी वायू येत राहील, या समजुतीवर विसंबलेल्यांची निराशा झाली, कारण या भट्टीचा पंखा, ठिणगी देणारा भाग व नियंत्रक हे सारे विजेवरच चालते.

वीजपुरवठा का खंडित झाला

टेक्सासचे वीजजाळे देशाच्या पूर्व व पश्चिम भागांतील मोठ्या जाळ्यांपासून बव्हंशी अलग आहे. त्याचे संचालन ‘एरकॉट’ ही संस्था करते. शेजारच्या राज्यांतून फार थोडी वीज आणता येत असल्याने तुटवडा राज्यातच सोसावा लागला. पश्चिमेच्या जाळ्याला जोडलेले एल पासो शहर या संकटातून बरेचसे वाचले, ही गोष्ट बोलकी आहे.

सर्व प्रकारची वीजकेंद्रे थंडीने बाधित झाली. सर्वांत मोठी हानी नैसर्गिक वायूवरील केंद्रांची होती. विहिरी व वायुवाहिन्या गोठल्या. त्यातच वायूचे उत्पादन व वहन करणाऱ्या काही केंद्रांची ‘अत्यावश्यक’ म्हणून नोंदच झालेली नसल्याने भारनियमनात त्यांचीही वीज तोडली गेली. वायू नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून वायू नाही, असे हे दुष्टचक्र होते.

१५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर जाळ्याची वारंवारता ६० हर्ट्झवरून ५९.४ च्या खाली गेली व चार मिनिटांहून अधिक काळ तेथेच राहिली. ती नऊ मिनिटे तशीच राहती, तर वीजकेंद्रे आपोआप सुटत जाऊन संपूर्ण जाळे कोसळण्याचा धोका होता. ते टाळण्यासाठी एरकॉटने २०,००० मेगावॅटपर्यंत भारनियमनाचा आदेश दिला. भारनियमन हा शब्द महाराष्ट्राला अपरिचित नाही. त्यात आळीपाळीने काही तास वीज जाते. टेक्सासमध्येही तसेच अभिप्रेत होते. परंतु रुग्णालये व तत्सम सेवांच्या वाहिन्या वगळल्यावर आळीपाळी करण्याइतक्या वाहिन्या उरल्याच नाहीत. परिणामी ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली. काही वस्त्यांत सलग दोन-तीन दिवस वीज आली नाही, तर काही वस्त्यांत ती गेलीच नाही.

घरातील बचाव

तापन बंद पडल्यावर संपूर्ण घर उबदार ठेवण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो. शक्य तो लहान, कमी खिडक्यांची एक खोली निवडून सर्वांनी तेथे एकत्र राहणे, दाराखालच्या फटीत टॉवेल खोचणे व खिडक्यांना जाड पडदे किंवा गोधड्या लावणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. एका जाड कपड्यापेक्षा अनेक पातळ कपडे एकावर एक घालणे चांगले, कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब राखते. ओले मोजे किंवा कपडे मात्र लगेच बदलावेत.

शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे यास अल्पतापावस्था म्हणतात. आरंभी हुडहुडी भरते, नंतर बोलणे अडखळते व विचार गोंधळतात. हुडहुडी थांबली म्हणजे माणूस सावरला, असा समज होतो. प्रत्यक्षात ते गंभीर लक्षण असू शकते. वृद्धांमध्ये ही अवस्था हळूहळू येत असल्याने ती सहज ध्यानात येत नाही. अशा व्यक्तीस तातडीने वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. तोवर हातपाय चोळण्याऐवजी छाती व पोटाकडील भागास प्रथम ऊब द्यावी. मद्याने ऊब आल्याचा भास होतो, परंतु त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता अधिकच निघून जाते.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका

ऊब मिळवण्याचा प्रयत्नही अनेकदा घातक ठरला. कोणी कोळशाची शेगडी घरात आणली, कोणी बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवून तीत बसले. केवळ ह्यूस्टन परिसरात शेकडो लोकांना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही लक्षणे साध्या थकव्यासारखी वाटतात आणि माणूस झोपेतच दगावतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने होणारे मृत्यू याच वायूमुळे होतात. जनित्र घरापासून किमान ६ मीटर दूर, उघड्यावर ठेवावे. स्वयंपाकाची गॅस शेगडी खोली तापवण्यासाठी वापरू नये.

जलवाहिन्यांची हानी

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. नळी बहुधा बर्फाच्या गुठळीपाशीच फुटते असे नाही. गुठळी व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून ती फुटते. म्हणून तोटी थेंब-थेंब चालू ठेवतात. तापन बराच काळ बंद राहणार असेल, तर मुख्य झडप बंद करून नळ्या रिकाम्या करणे अधिक सुरक्षित. टेक्सासमध्ये बर्फ वितळू लागल्यावर हजारो घरांची छते गळू लागली. जलशुद्धीकरण केंद्रेही विस्कळीत झाल्याने एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना देण्यात आली. ज्यांच्याकडे उकळण्यासाठी वीजच नव्हती, त्यांना या सूचनेचा काय उपयोग होता हा प्रश्नच आहे. अनेकांनी शौचालयासाठी अंगणातील बर्फ बादल्यांत भरून वितळवला.

नंतरच्या घडामोडी

फेब्रुवारी २०११ मध्येही टेक्सासमध्ये थंडीने वीजकेंद्रे बंद पडली होती. त्यानंतर केंद्रीय नियामकांनी यंत्रणांना थंडीपासून संरक्षण देण्याची शिफारस केली होती. परंतु ती बंधनकारक नव्हती. जून २०२१ मध्ये राज्याने केलेल्या कायद्यान्वये वीजकेंद्रांना असे संरक्षण सक्तीचे झाले. वायू उद्योगासाठीचे नियम मात्र त्यानंतर सावकाश आले. डिसेंबर २०२२ च्या थंडीच्या लाटेत एरकॉटला भारनियमन करावे लागले नाही.