मठारलेला हंडा चेपत का नाही?

तांब्याचा पत्रा लालबुंद तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो. पोलाद याच्या उलट कडक होतं, म्हणून लोहारकाम पाहिलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही. पुण्याच्या तांबट आळीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे: ठोका, तापवा, पुन्हा ठोका. सगळ्यात शेवटी हंड्यावर हातोडीचे एकसारखे गोल ठसे शेजारी शेजारी उमटवत जायचं. हेच मठारकाम. त्याने भांडं चकाकतं आणि कडकही होतं.

मुळात इतका मार खाऊन तांबं फुटत कसं नाही? खडेमिठावर एक हातोडी घाला, भुगा होईल. मिठात सोडियमचे धन आणि क्लोरीनचे ऋण आयन आलटूनपालटून बसलेले असतात. ठोक्याने थर जरा सरकला की धनासमोर धन येतो आणि दोन्ही थर एकमेकांना दूर लोटतात. तांब्यात प्रत्येक अणूचा साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा सुटून अख्ख्या तुकड्याच्या मालकीचा झालेला असतो. घन सेंटिमीटरमागे सुमारे 8.5 × 10²². थर कुठेही सरको, हे इलेक्ट्रॉन सगळ्या आयनांना धरूनच असतात. हा धातुबंध. तारेतून वीज वाहते तीही यांच्यामुळेच. पॉल ड्रूडने 1900 साली तसा हिशेब मांडला होता.

शाळेत गोष्ट इथेच संपते, आणि खरी गंमत राहूनच जाते. तांबं फुटत का नाही हे कळलं. पण ते इतकं सहज वाकतं कसं? याकोव्ह फ्रेंकेलने 1926 मध्ये गणित केलं, तर अख्खा थर एकदम सरकवायला प्रत्यक्षात लागतो त्याच्या हजारो पट जोर हवा असं निघालं. कोडं सुटलं 1934 मध्ये. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी ते स्वतंत्रपणे सोडवलं. स्फटिकात अणूंच्या काही ओळी मध्येच तुटलेल्या असतात. मांडवातलं भलंमोठं जाजम ओढून हलत नाही, पण टोकाला सुरकुती पाडून ती पुढे रेटत नेली की सरकतं. थरही असाच सरकतो, तुटक्या ओळीच्या जागेवरून, थोडा थोडा.

ठोके पडतात तसे हे दोष वाढत जातात, एकमेकांत अडकतात आणि तांबं ताठ होतं. तरीही ठोकत राहिलं तर तडा जातो. भट्टीच्या धगीत अणूंना हलायला वाव मिळून गुंता मोडतो, नवे निर्दोष स्फटिक वाढतात. पाणी फक्त पत्रा निववायला आणि वरची काळी खपली सुटावी म्हणून. पोलादात त्या घाईत कार्बनचे अणू जागच्या जागी कोंडले जातात. तांब्यात तसं कोंडायला काही नसतं.

मठारकाम झाल्यावर मात्र भट्टी नाही. तांब्याचा बंब रोज पेटला तरी आत पाणी असेतो पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि ठोकून आणलेलं कडकपण टिकतं. रिकामा पेटवला तर ते जातं.