उट्रेख्तचे पत्र : मातीचे दप्तर

उट्रेख्त, नेदरलँड्स

समुद्रपातळीखालचा मुलूख बांध आणि पंप यांच्या बळावर शतकानुशतके कोरडा राखणाऱ्या डच लोकांना, कारखानदारीने आपल्या भूमीत काय पुरून ठेवले आहे याची खरी जाणीव १९८० साली झाली. लेक नदीकाठच्या लेकरकेर्क गावात, रासायनिक कचऱ्याची पिंपे टाकून बुजवलेल्या चरांवर वसाहत उभी राहिली होती. ती रसायने पिण्याच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या नळांपर्यंत पोहोचली, तेव्हा सुमारे २७० घरे रिकामी करून खालची माती उपसावी लागली. पाठोपाठ १९८३ मध्ये भूमिशुद्धीचा हंगामी कायदा अमलात आला.

उट्रेख्तमधील ग्रिफ्टपार्क उद्यानाच्या जागी पूर्वी दगडी कोळसा तापवून वायू काढणारा कारखाना होता, आणि त्याचे डांबर, बेंझिन व सायनाइडची संयुगे जमिनीत खोलवर उतरली होती. सगळी माती काढणे खर्चाच्या आवाक्याबाहेर ठरल्यामुळे त्या जागेभोवती सुमारे ५० मीटर खोल भिंत जमिनीत घालण्यात आली, वर स्वच्छ मातीचा थर पसरण्यात आला आणि १९९९ साली उद्यान लोकांना खुले झाले. तथापि आतील दूषित पाणी बाहेर झिरपू नये म्हणून भूजलाचा उपसा पुढेही चालू ठेवावा लागला.

परंतु या यंत्रविद्येहूनही मला अधिक मोलाची वाटते ती येथील दप्तराची शिस्त. २०२३ अखेरपर्यंतच्या कायद्यानुसार भूखंड दूषित ठरवणाऱ्या सरकारी निर्णयाची नोंद कॅडॅस्टर या भूमी-अभिलेख संस्थेत होत असे, त्यामुळे मालक बदलला तरी जमिनीचा दोष खरेदीदारापासून लपत नसे.

नीरा-भीमेच्या संगमावरील आमच्या नरसिंहपूरच्या, किंबहुना साऱ्या इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्याला बिघडलेल्या जमिनीचे मोल पटवून द्यावे लागणार नाही; कालव्याच्या अतिपाण्याने चोपण झालेले रान पुन्हा पिकाऊ करण्यास चर खणावे लागतात, जिप्सम घालावे लागते आणि वर्षे खर्ची पडतात, हे तो जाणतो. क्षार निदान पांढरे फुटून दिसतात. कारखान्याचे विष मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांची औद्योगिक वसाहत आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांविषयीचे नियम जारी करून संशयित जागांची यादी करण्याचे काम जिल्हा प्रशासनाकडे सोपवले आहे. ती यादी कचेरीत पडून न राहता सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात उतरली पाहिजे. कारण बँकेचा बोजा जेथे नोंदवला जातो, तेथे पुढच्या पिढीच्या विहिरीवर पडणारा हा बोजा नोंदवण्यास कसूर होता कामा नये.